कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे सहकारी

पिंपरी-चिंचवड व चाकण या भागात वाढणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस कारखाना ही काही अपूर्वाईची वस्तू नव्हे. पुष्कळांच्या घरी जेवणाची वेळदेखील वडिलांच्या पाळीवरून ठरते. त्यामुळे दहावीनंतर मुलाने कोणता मार्ग धरावा, हा विचार निघाला की पालकांच्या दृष्टीपुढे प्रथम यंत्र उभे राहते व त्यामागोमाग विज्ञान शाखा. पुस्तपालन व लेखाकर्म, वाणिज्य संघटन व व्यवस्थापन हे विषय मात्र ज्याला दुसरे काही साधले नाही त्याने घ्यावयाचे, असा एक समज रूढ आहे. हा समज कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी आम्ही हेतुतः एका यंत्रकाराचेच चरित्र येथे निवडले आहे.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शालेय अभ्यासापेक्षा चित्रकलेत त्यांचे मन अधिक रमे. वडीलबंधू रामचंद्रराव ऊर्फ रामूअण्णा यांच्या पाठिंब्याने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंगांतील भेद आपल्या दृष्टीस उमगत नाही असे आढळल्यावर त्यांना चित्रकार होण्याची आशा सोडावी लागली. तरीही त्यांनी धीर सोडला नाही. यंत्रांच्या रेखनात ते प्रवीण झाले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत त्याच विषयाचे शिक्षक म्हणून काम करू लागले. पुढे आपल्या हक्काची बढती दुसऱ्यास मिळालेली पाहून त्या स्वाभिमानी पुरुषाने नोकरीचा राजीनामा दिला व बेळगावची वाट धरली.

तेथे उभय बंधूंनी 'किर्लोस्कर ब्रदर्स' या नावाने सायकलींचा व्यापार चालविला. त्यातून लक्ष्मणराव कडबा कापण्याची यंत्रे करण्याकडे वळले व नंतर त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची भावना असल्यामुळे त्यास कोणी हात लावीना. पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली! विद्यार्थ्यांनी या ठिकाणी क्षणभर थांबून विचार करावा. नांगराच्या घडणीत कोठेही उणे नव्हते. उणीव होती ती मागणीची. तयार माल पडून राहिला म्हणजे त्यात घातलेले द्रव्यही पडून राहते, आणि ते मोकळे करण्याचे सामर्थ्य कोणत्याही हातोड्यात नसते. त्यासाठी गिऱ्हाइकाचे मन जाणावे लागते, त्याची शंका फेडावी लागते व तोवर तग धरण्यापुरती शिल्लक हिशेबात राखावी लागते.

पुढे बेळगावातील जागा सोडण्याचा प्रसंग आला. या संकटात औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीस धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळील ३२ एकर माळजमीन व १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंग व सर्प यांनी भरलेल्या त्या माळावर १९१० च्या मार्च महिन्यात किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला.

ही वाडी एकट्या लक्ष्मणरावांच्या हातून उभी राहिली नाही, हे आम्हांस मुद्दाम सांगावयाचे आहे. वसाहतीची आखणी व कारभार रामूअण्णांनी सांभाळला. जमाखर्चाची जबाबदारी मंगेशराव रेगे यांजकडे होती. परीक्षेत अपयश आलेले, पण पडेल ते काम निभावून नेणारे के. के. कुलकर्णी व्यवस्थापक झाले; शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रकार बनले. एके काळी दरोडेखोर म्हणून ज्यांचा धाक होता, अशा तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग यांस लक्ष्मणरावांनी राखणदार नेमले आणि त्या दोघांनी तो विश्वास सार्थ केला. माणसाची पारख ही देखील भांडवलाइतकीच मोलाची असते, ती अशी.

१९२० साली 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' या नावाने मर्यादित जबाबदारीची कंपनी नोंदविण्यात आली. त्याच वर्षी रामूअण्णांचे कुटुंबीय शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले. कारखान्याची वार्ता लोकांपर्यंत पोहोचविणारे हे पत्र पुढे मराठी वाचकांचे आवडते मासिक झाले. भागीदारी, कर्ज, कंपनीची नोंदणी, जाहिरात, व्यवस्थापन हे अकरावी-बारावीच्या वाणिज्य विषयांतील धडे या एका चरित्रात ओळीने सापडतात. पुढे लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी १९४६ साली आपल्या शेजारच्या खडकीस ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी इहलोकीची यात्रा संपविली. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, भारताच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढून त्यांचा गौरव केला.

येथे कोणी विचारील की, या मंडळींपैकी कित्येकांनी वाणिज्याची परीक्षा दिली नव्हती, मग आम्हीच ती का द्यावी? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे, की त्यांनी हे ज्ञान मिळविले, पण वर्षे व पैसा खर्चून मिळविले. न विकल्या गेलेल्या नांगरापाशी दोन वर्षे बसून जे कळले, ते आज वर्गात बसून आरंभापुरते तरी समजून घेता येते. अर्थात पुस्तकाने धैर्य येत नाही. ते ज्याचे त्यानेच कमवावयाचे असते.

धन्याने सोपविलेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा शुभवर्तमानातील दाखला आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. औंधच्या माळावर सोपविलेले द्रव्य पुरले गेले नाही, त्यातून गाव उभे राहिले. ते यंत्राने उभे केले आणि चोख हिशेबानेही उभे केले. म्हणून पालकांस आमची विनंती एवढीच आहे, की मुलाचा ओढा आकडेमोडीकडे, देवघेवीकडे व माणसे जोडण्याकडे दिसला, तर त्यास कमी लेखू नये. कारखान्याला फळणीकर लागतात, तसे रेगेही लागतात.