सांडपाण्यातले जिवाणू ओळखण्यासाठी विनोग्राद्स्कींनी त्यांचं अन्नच बदललं

शहराचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पात खरं काम करतात ते गाळातले जिवाणू. त्यातल्या एका महत्त्वाच्या गटाची ओळख सर्गेई विनोग्राद्स्की यांनी करून दिली.

१८५६ साली कीवमध्ये जन्मलेले विनोग्राद्स्की आधी संगीत शिकत होते. तिथं मन रमलं नाही, म्हणून ते विज्ञानाकडे वळले.

१८७७ मध्ये दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि खडूच्या थरातून सांडपाणी सोडलं. काही दिवसांनी त्यातल्या अमोनियाचं नायट्रेट होऊ लागलं. क्लोरोफॉर्म सोडताच हे थांबलं. म्हणजे हे काम सजीवांचं होतं. पण नेमक्या कोणत्या? कारण नेहमीच्या जिलेटिनवर ते वाढतच नव्हते.

झुरिकमध्ये विनोग्राद्स्कींनी सेंद्रिय अन्नच काढून टाकलं. उरले फक्त क्षार आणि अमोनिया. इतर जिवाणू उपाशी राहिले, हवे ते वाढले. १८९० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे कळलं की, हे काम दोन टप्प्यांत चालतं. अमोनियाचं नायट्राइट करणाऱ्याला त्यांनी नायट्रोसोमोनास, तर नायट्राइटचं नायट्रेट करणाऱ्याला नायट्रोबॅक्टर असं नाव दिलं.

रशियन क्रांतीनंतर त्यांना देश सोडावा लागला. १९२२ मध्ये, पासष्टी ओलांडल्यावर, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी नव्यानं सुरुवात केली. १९५३ मध्ये ९६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आज गाळातल्या नव्या प्रजाती डीएनएवरून ओळखता येतात. पण त्या प्रयोगशाळेत वाढवायच्या असतील, तर त्या नेमकं काय खातात हे आजही आधी शोधावं लागतं.