र. धों. : गणिताचा मास्तर, नको तो विषय

नगरच्या कॉलेजात झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला अंडाशयाची स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवताना तुम्ही बिचकता का? नाही ना! सस्तन प्राण्यांचं बीजांड फोन बेअर यांनी दाखवून दिलं १८२७ मध्ये. त्यानंतर शंभर वर्षांनीही मराठीत हा विषय काढणं म्हणजे पाप. अशात जुलै १९२७ मध्ये रघुनाथ धोंडो कर्वेंनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. महर्षी कर्वेंचे हे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली नोकरी आधीच गेलेली. पत्नी मालतीबाई मात्र ठाम पाठीशी. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये तर खुद्द डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तरी दंड झालाच. पण हे पठ्ठे मासिक थांबवतील तर शपथ! १९५३ मध्ये गेले, तोवर अंक निघत होते.