खुराक आणि खाशाबा

आमच्या यवतमाळकडे पोरगं आखाड्यात जाऊ लागलं, की आईबाप आधी खुराकाची चौकशी करतात. बदाम किती, तूप किती आणि हल्ली पावडरचा डबा कोणता! कापसाच्या पैशातून महागडे डबे आणणारे पालक पाहिले, की मला खाशाबा जाधव आठवतात.

कराडजवळचे गोळेश्वर हे त्यांचे गाव, जन्म १९२६चा. वडील दादासाहेब पहिलवान, त्यामुळे कुस्ती घरातच होती. खाशाबा अंगाने लहानखुरे, पण त्यांची ढाक बसली की भल्याभल्यांची पाठ लागायची. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलो गटात सहावे आले. मातीत तयार झालेल्या पायांना तिथली गादी नवी होती, नियमही नवे. मग पुढची चार वर्षे त्यांनी मेहनत वाढवली आणि १९५२मध्ये हेलसिंकीला ५७ किलो गटात उतरले. हे पाच किलो मला फार मोठे वाटतात. वाढलेले वजन स्नायूंत जिरावे लागते, नुसते पोटावर आले तर पहिलवान जड होतो आणि दमतो.

एवढ्या वजनाच्या खेळाडूला दिवसाला साधारण ७० ते ११५ ग्रॅम प्रथिने पुरतात. ज्वारीची भाकरी, तुरीचे घट्ट वरण, शेंगदाणे, दूध, अंडी यांतून ती बरीचशी घरीच मिळतात. विश्रांती मात्र विकत मिळत नाही. हेलसिंकीत जपानच्या इशीईंशी प्रदीर्घ झुंज देऊन थकलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लापुढे उभे केले गेले. नियमाने अर्धा तास विसावा हवा होता, पण त्यासाठी भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता! तरीही त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. पदक घेऊन आल्यावर गावाकडे बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर खाशाबांनी कुस्त्या भरवल्या आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. १९५५ साली ते पोलिसांत फौजदार झाले. १९८४मध्ये रस्त्यावरील अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी.