एकाच माशीची दोन खाती

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला 1999 साल उजाडावे लागले. तिथल्या शाखेत शेतीकर्जाचे टेबल माझ्याकडे होते. एका थंडीत विहिरीच्या पाण्यावरचा मुळा पाहायला गेलो, तर पानांची नुसती चाळण झालेली. शेतकऱ्याने पानाला बोट लावले मात्र, काळसर अळ्या वेटोळे करून, मेल्याचे सोंग घेऊन टपाटप मातीत पडल्या. साहेब, ही कुठली कीड, असे त्याने विचारले. मी फुलपाखराची म्हणून मोकळा झालो आणि तपासणी अहवालात नुसते अळी असे लिहिले.

ते चूक होते, हे फार उशिरा कळले. फुलपाखराच्या अळीला पोटाखाली फार तर पाच पायजोड्या असतात, हिला आठ. ही करवतमाशीची अळी. मादीच्या शेपटाकडे करवतीसारखे दातेरी अवजार असते, त्याने पान चिरून ती आत अंडी घालते. मुळा-मोहरीवरच्या आपल्याकडच्या या माशीचे शास्त्रीय बारसे बर्लिनच्या क्लूगने 1815 सालीच उरकले होते. निवृत्तीनंतर या माश्यांची चौकशी करता करता मला पीटर कॅमेरॉन भेटला. कीटकशास्त्रात हे नाव सर्वांना ठाऊक, पण कौतुकाने क्वचितच घेतले जाणारे.

जन्म 1847 चा. पोटापाण्याचा धंदा कापड रंगवण्या-छापण्याचा, हात चित्रकाराचा. कीटकांचा नाद हौसेचा. पण हौस केवढी! ब्रिटनमधल्या करवतमाश्या आणि त्यांच्या भाऊबंदांवर त्याने 1882 ते 1893 या काळात चार खंड लिहिले.

आपल्या मुलखाशीही त्याचा संबंध आला. मुंबई इलाख्यातले वनाधिकारी राउटन यांना मुंग्या-गांधीलमाश्या गोळा करण्याचा छंद होता. त्यांनी पुण्यात पकडलेल्या काही माश्या कॅमेरॉनच्या टेबलावर पोचल्या आणि त्याच्या मँचेस्टरच्या लेखमालेत पुण्याचे नाव छापून आले. मेजर नर्स यांनी इलाख्यात जमवलेल्या परोपजीवी माश्यांवरचा त्याचा लेख 1907 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये निघाला. वाळलेली, टाचणीला टोचलेली एखादी माशी समोर यायची आणि कॅमेरॉन तिला नाव द्यायचा. अशी किती नावे दिली, याची मोजदाद करणारे दमले.

इथेच घोटाळा झाला. वर्णने त्रोटक, आणि एकाच माशीला दोनदा वेगळी नावे दिल्याचे पुन्हा पुन्हा उघडकीस आले. एका खातेदाराची दोन खाती निघाली, की लेजर जुळवणाऱ्याचा जीव कसा मेटाकुटीला येतो, हे मी जाणतो. बँकेत निदान दुसरे खाते बंद करता येते. प्राणिशास्त्रात एकदा रीतसर छापलेले नाव पुसता येत नाही. सहसा जुने नाव चालते आणि नवे त्याच्याखाली कायमचे लिहून ठेवावे लागते. कॅमेरॉनची शेकडो नावे अशी खालच्या ओळीत आहेत.

प्रकृती ढासळली, नोकरी गेली. डर्बीशायरमधल्या न्यू मिल्स गावी रॉयल सोसायटीच्या मदतीवर त्याने शेवटचे दिवस काढले आणि 1 डिसेंबर 1912 रोजी तो गेला. क्लॉड मॉर्ली या कीटकशास्त्रज्ञाने मृत्युलेख लिहिला. त्यात माणसाच्या आयुष्याशी आम्हाला कर्तव्य नाही, असे सांगून कामाच्या पसाऱ्याची आणि गोंधळाची मात्र यथेच्छ झडती घेतली. मॉर्लीचा राग मला समजतो. भारतातल्या परोपजीवी माश्यांचा त्याचा खंड 1913 साली निघाला, तेव्हा कॅमेरॉनची खतावणी निस्तरणे त्याच्याच वाट्याला आले होते. पण आयुष्याशी कर्तव्य नाही, हे मला पटत नाही. आयुष्यभर हिशेब तपासूनही पटत नाही. शिवाय अळी एवढेच लिहून घरी गेलेल्या माणसाने जास्त नावे देणाऱ्याला किती बोलावे?

कॅमेरॉनचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. त्याने नाव दिलेल्या माशीबद्दल आज शंका आली, तर अभ्यासकाला तिथला खण उघडून तीच वाळकी माशी भिंगाखाली धरावी लागते.