रारोटोंगाचे तारू

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत अशी खंत वारंवार ऐकू येते की, अमुक साधन नाही म्हणून प्रभूचे काम अडले आहे. मंदिरावर धड छप्पर नाही, शाळेत पाट्या नाहीत, पलीकडच्या गावी जावे तर गाडी नाही. या अडचणी खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु पॅसिफिक महासागरातील बेटांत सेवा केलेले जॉन विल्यम्स यांचे चरित्र अशा वेळी मनन करण्याजोगे आहे, म्हणून ते येथे थोडक्यात देत आहो.

विल्यम्स साहेबांचा जन्म इ. स. १७९६ मध्ये लंडनजवळ झाला. लहानपणी त्यांस एका लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारीस ठेविले होते. तेथे दुकानाचे काम सांभाळून ते भट्टीवरील लोहारकामही हौसेने शिकले. तरुणपणी त्यांचे मन धर्माकडून उडाले होते. परंतु १८१४ साली एका रविवारी रस्त्यात मित्रांची वाट पाहत उभे असता धन्याच्या पत्नीने त्यांस आग्रहाने उपासनेस नेले, आणि तेथेच त्यांच्या आयुष्यास निराळे वळण लागले. दोन वर्षांनी लंडन मिशनरी सोसायटीतर्फे ते पत्नी मेरी हिच्यासह जलमार्गाने निघाले व १८१८ साली रायातेआ नावाच्या बेटावर स्थायिक झाले. तेथे त्यांनी लोकांची भाषा आत्मसात केली, पोवळ्याचे दगड भाजून चुना केला, आपल्या हातांनी घर बांधिले, आणि पाहणाऱ्यांसही तसे बांधावयास शिकविले.

परंतु एकाच बेटाच्या किनाऱ्यात त्यांचे मन मावेना. १८२२ साली त्यांनी एक गलबत मिळविले. पुढील वर्षी त्यातून शोध करीत ते रारोटोंगा बेटास पोहोचले. किनाऱ्यावर उतरलेल्या एतद्देशीय शिक्षकांच्या बायकांस पहिल्याच रात्री तेथील लोकांनी त्रास दिला, तेव्हा सर्वजण भयभीत होऊन गलबतावर परत आले. अशा प्रसंगी पापेइहा नावाचे शिक्षक एकटेच मागे राहण्यास तयार झाले. अंगावरचे कपडे, शास्त्राचे भाग व मुलांची काही पुस्तके एवढीच त्यांची शिदोरी होती. गलबत निघून गेले, पापेइहा राहिले. चार वर्षांनी विल्यम्स साहेब पुन्हा तेथे आले, तेव्हा बेटावरील लोक शिकण्यास व प्रार्थनेस जमू लागले होते.

मध्यंतरी ते गलबत हातचे गेले होते. त्याचा खर्च झेपेना, आणि लंडनच्या चालकांसही ते पसंत नव्हते. १८२७ साली विल्यम्स साहेब सहकुटुंब रारोटोंगास आले ते दुसऱ्याच्या जहाजातून. महिने लोटले तरी परत नेण्यास कोणतेही जहाज येईना. तेव्हा त्यांनी स्वतःच तारू बांधण्याचे ठरविले.

बेटावर करवत नव्हती, म्हणून झाडे पाचरांनी उभी चिरून फळ्या काढिल्या. तारवाच्या वाकड्या फासळ्यांसाठी एक बांबू हव्या त्या आकारात वाकवून लोकांच्या हाती दिला, व तशीच वाकलेली झाडे त्यांनी रानातून शोधून आणिली. भात्यासाठी चारांपैकी तीन बोकड-शेळ्या मारिल्या. दूध देणारी तेवढी एक राखली. परंतु एका रात्रीत उंदरांनी भात्याचे सारे कातडे खाऊन टाकिले, नुसत्या फळ्या उरल्या. मग लाकडी पेटीचा भाता केला. लोखंड थोडे असल्यामुळे खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या ठोकिल्या. फटींत काथ्या भरिला. जास्वंदीच्या जातीच्या झाडांची साल वळून दोर केले. चटया शिवून शिडे केली. सुकाण्याचे लोखंड एक कुदळ, एक तासणी व एक फावडे मोडून तयार झाले. सुमारे साठ फूट लांबीच्या या तारवास त्यांनी शांतीचा दूत असे नाव दिले. पहिल्या सफरीत डोलकाठी मोडली, तरी डागडुजी करून तारू सुमारे १६० मैलांवरील ऐतुताकी बेटास गेले, आणि डुकरे, नारळ व उंदरांवर उपाय म्हणून मांजरे घेऊन परत आले!

१८३० साली याच तारवात शिक्षक व त्यांची बायकामुले यांसह विल्यम्स साहेब सामोआ बेटांस गेले. कित्येक आठवडे ते तारूच सर्वांचे घर होते. सामोआत आठ शिक्षक ठेवून ते परतले.

या कार्याची दुःखेही आम्ही लपवीत नाही. मडमसाहेबांची बहुतेक अपत्ये बालपणीच गेली. जहाजांबरोबर परके रोगही बेटांत शिरले, आणि रारोटोंगावर साथीने अनेकांचे प्राण घेतले. १८३९ च्या नोव्हेंबरात विल्यम्स साहेब एरोमांगा बेटावर उतरले. चंदनाच्या व्यापाऱ्यांनी पूर्वी तेथील लोकांवर जुलूम केला होता, म्हणून गोऱ्या माणसांविषयी त्यांच्या मनात रोष होता. त्या दिवशी विल्यम्स साहेब व त्यांचे सोबती हॅरिस हे दोघेही मारले गेले. साहेबांचे वय तेव्हा ४३ होते.

परंतु पुढच्याच वर्षी सामोआचे शिक्षक त्याच एरोमांगावर उतरले. पापेइहा रारोटोंगावरच राहिले, आणि १८६७ साली तेथेच प्रभूमध्ये निजले. २००९ साली विल्यम्स यांचे वंशज एरोमांगास गेले, तेव्हा बेटावरील लोकांनी त्यांच्याशी समारंभपूर्वक समेट केला.

बंधूंनो, तारू कुजून जाते, शिडे फाटतात. विल्यम्स साहेबांचे तारू आज नाही. परंतु त्यातून उतरून एकेका बेटावर राहिलेल्या साध्या शिक्षकांचे काम उरले आहे. आमच्या सुवार्तिक बंधूंपैकी कोणी एखाद्या आडगावी एकटा असेल, तर त्याने पापेइहांचे स्मरण करावे. आणि ज्या मंडळीपाशी काहीच नाही असे वाटते, तिने मोशेच्या हातातील काठी आठवून, घरात पडलेली कुदळ व फावडे एकदा पाहावे. कदाचित आपले सुकाणू त्यातच असेल.