भुकेचे मोजमाप करणारे डॉ. सुखात्मे

गणितात चांगले गुण मिळविणाऱ्या मुलामुलींना डॉक्टर किंवा इंजिनिअर करावे, यापलीकडे आपण पालक सहसा विचार करीत नाही. गणिताच्या बळावर जनतेच्या आरोग्याची सेवा करता येते, हे देऊळगाव राजासारख्या गावी फारसे कोणी सांगत नाही. म्हणून डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या जीवनाचा हा परिचय.

त्यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या खेड्यात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी संख्याशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. फिशर, नेमन, ईगॉन पिअर्सन असे या शास्त्राचे धुरंधर तेव्हा तेथे होते. १९३६ साली त्यांनी पीएच.डी. मिळविली.

मायदेशी परतल्यावर कलकत्त्याच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत त्यांनी काही काळ अध्यापन केले. पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत ते पिकांच्या मोजणीकडे वळले. त्या काळी पीक किती येणार हे बहुधा नजरअंदाजाने ठरे. सुखात्मे यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शेते निवडून, त्यांतील आखलेल्या तुकड्यातले पीक कापून तोलण्याची पद्धत रुजविली. तुकडा फार लहान असला तर काठावरची ताटे आत धरली जातात आणि उतारा फुगतो, हेही त्यांनी दाखवून दिले. ज्वारी काढणाऱ्यास हे चटकन पटेल.

१९५१ साली रोम येथील जागतिक अन्न व शेती संघटनेत ते संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. जगात भुकेले किती, हा प्रश्न तेथे त्यांच्यासमोर आला. सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण भुकेला मानला, तर धडधाकट माणसांपैकीही सुमारे निम्मी उपाशी ठरतील. कारण सर्वांची गरज सारखी नसते. म्हणून भुकेची रेषा सरासरीच्या बरीच खाली ओढली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या विषयावरील त्यांचा निबंध १९६१ साली प्रसिद्ध झाला. १९६३ साली इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना गाय रौप्यपदक दिले.

१९७१ साली पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर ते पुण्यास आले आणि तेथे मोठा वाद उभा राहिला. रेषा खाली आली की गरिबांची संख्याही कागदावर घटते. प्रा. वि. म. दांडेकर आणि आहारतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी त्यांना कडाडून विरोध केला. आमच्या मते हा विरोध रास्त होता. मजुराचे शरीर कमी अन्नावर भागवून घेते खरे, पण कामाची ताकद आणि मुलांची वाढ यांतून त्याची किंमत वसूल होते. मात्र सुखात्मे यांचा दुसरा मुद्दा आजही खोडता येत नाही. पाणी दूषित असेल, संडास नसेल, मूल सारखे हगवणीने आजारी पडत असेल, तर पोटात गेलेले अन्न अंगी लागत नाही. नुसते धान्य वाटून कुपोषण हटत नाही, असे ते अखेरपर्यंत सांगत राहिले.

२८ जानेवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. जगातील भुकेल्यांचा जो आकडा संयुक्त राष्ट्रांकडून दरवर्षी जाहीर होतो, त्याची रीत त्यांनी घातलेल्या पायावरच उभी आहे. ज्या विद्यार्थ्यांना या वाटेने जायचे असेल, त्यांच्यासाठी मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत जीवसंख्याशास्त्र व लोकसंख्याशास्त्र या विषयाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. त्यासाठी पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र घेतलेले असावे.