रॉबर्ट वॉरिंग्टन : काचेतल्या तळ्याचे जनक

आपल्या चंद्रपूर व गडचिरोली प्रांतांत पुष्कळ गावांना मालगुजारी तलाव आहे. नसेल तेथे निदान एखादी बोडी असते. तिच्यात मासे जगतात आणि मरतात, झाडांची पाने गळून कुजतात, तथापि निरोगी तळ्याचे पाणी नासत नाही. असे का व्हावे? हा प्रश्न ज्यांनी घरातील काचेच्या भांड्यात सोडविला, त्या रॉबर्ट वॉरिंग्टन ह्यांचे अल्प चरित्र आम्ही येथे देत आहो.

वॉरिंग्टन ह्यांचा जन्म इ. स. १८०७ मध्ये इंग्लंडातील शीअरनेस येथे झाला. रसायनशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी प्रथम लंडनच्या नव्या विद्यापीठात साहाय्यकाचे व पुढे एका मद्यनिर्मितीच्या कारखान्यात रसायनज्ञाचे काम केले. इ. स. १८४१ मध्ये त्यांच्याच खटपटीने लंडनची रसायनशास्त्र सभा स्थापन झाली. पुढील वर्षी औषधे करणाऱ्यांच्या प्रसिद्ध संस्थेत त्यांची नेमणूक झाली.

त्या काळी हौशी लोक मासे पाळीत. पण पाणी वरचेवर बदलले नाही तर ते बिचारे गुदमरून मरत. इ. स. १८४९ मध्ये वॉरिंग्टन ह्यांनी १२ गॅलनांचे एक भांडे घेतले, तळाशी वाळू, चिखल व दगड घातले, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. माशांच्या उच्छ्वासातील कर्बवायू वनस्पतीने घ्यावा व सूर्यप्रकाशात प्राणवायू परत द्यावा, अशी ही योजना होती. परंतु थोड्याच काळात जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले व काचेवर हिरवे शेवाळ चढले.

दुसरा कोणी असता तर त्याने भांडे ओतून दिले असते. वॉरिंग्टन ह्यांनी मात्र निसर्गातील तळ्यांकडे पाहिले आणि पाच-सहा पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व शेवाळ खाऊन पाणी स्वच्छ केले. त्यांची अंडी माशांस खाद्य झाली. मासा, वनस्पती व गोगलगाय ह्या तिघांचे बिऱ्हाड पाणी न बदलता सुखाने नांदू लागले. हा वृत्तांत त्यांनी १८५० साली रसायनशास्त्र सभेपुढे ठेवला. इ. स. १८६४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले व १८६७ मध्ये निवर्तले.

आमच्या विद्यार्थ्यांस हा प्रयोग घरी सहज करता येईल. व्हॅलिस्नेरिया व हायड्रिला आपल्याकडील तळ्यांतही उगवतात. वाळूत त्या रुजू द्याव्यात, भांडे उजेडात पण कडक उन्हापासून दूर ठेवावे, आणि काही आठवड्यांनी दोन-तीनच लहान मासे सोडावेत. अधिक मासे व अधिक अन्न म्हणजे नाश, हे ध्यानी धरावे. भांड्यातील परदेशी मासे किंवा वनस्पती मात्र तलावात कधीही टाकू नयेत.

चंद्रपूरच्या रामाळा तलावास जलपर्णीने वेळोवेळी ग्रासले आहे. ही परदेशातून आलेली वनस्पती पाण्यावर पसरली की खाली उजेड पोहोचत नाही, तळाच्या वनस्पती मरतात व माशांस प्राणवायू मिळेनासा होतो. वॉरिंग्टन ह्यांच्या भांड्यात जे बिघडले, तेच येथे मोठ्या प्रमाणावर बिघडते. ज्या मुलाने घरातील एवढेसे तळे एक वर्ष जिवंत राखले, तो मोठेपणी गावचा तलाव मरू देणार नाही, अशी आमची खात्री आहे.